मेंदूचे आजार आणि जनुकांचा वाटा

स्मृतिभ्रंश आणि स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार काही घराण्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. ‘आईला झाला, मग मलाही होईल का?’ हा प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या मुलांच्या मनात घर करून बसतो. जनुकीय संशोधनातून या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळालेले नाही. जनुकागणिक उत्तर बदलते.

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात अमायलॉइड प्रथिनाचे पुंजके चेतापेशींच्या बाहेर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. १९९१ मध्ये २१व्या गुणसूत्रावरील एपीपी जनुकातला आणि १९९५ मध्ये प्रिसेनिलिन-१ व प्रिसेनिलिन-२ या जनुकांतला दोष या रोगाच्या मुळाशी असल्याचे दिसून आले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून असा दोष आला, तरी ऐन उमेदीत आजार जडणे जवळपास ठरलेले असते. पण एकूण रुग्णांत अशांचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे.

कोलंबियातील अँटिओकिया भागात प्रिसेनिलिन-१चा दोष असलेले मोठे कूळ आहे. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी त्याचा अनेक दशके अभ्यास केला. दोष असलेल्यांची स्मृती साधारण ४४व्या वर्षी ढासळू लागते. याच कुळातील एका स्त्रीची स्मृती मात्र सत्तरीपर्यंत टिकली. तिचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर होते, टाऊचा गुंता मात्र कमी होता. अपोई या जनुकाचा ‘क्राइस्टचर्च’ हा दुर्मीळ प्रकार तिला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. त्यानेच रोग थोपवून धरला असावा, असे संशोधक मानतात. जनुके रोग देतात, तशी राखणही करतात, हे या एका स्त्रीमुळे स्पष्ट झाले.

उतारवयातील नेहमीच्या अल्झायमरमध्येही अपोईच महत्त्वाचे ठरते. त्याचा ई४ हा प्रकार एका पालकाकडून आल्यास धोका सुमारे तिप्पट होतो. दोघांकडून आल्यास तो आठ ते बारा पट वाढतो. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आले आहेत, त्यामुळे ते भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय ई४ असूनही आजार न झालेले आणि ई४ नसताना आजार झालेले, असे दोन्ही प्रकारचे लोक पुष्कळ आहेत.

स्किझोफ्रेनियात बहुधा कोणतेही एक जनुक निर्णायक नसते. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली. त्यांतील बहुतेकांचा प्रत्येकी परिणाम अगदी किंचित असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला, तरी निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसरे भावंड त्यापासून दूर राहते.

हा फरक समजून घेण्यासाठी एपिजेनेटिक्सचा आधार घेतला जातो. डीएनएवर मिथिल गटाची रासायनिक खूण बसली की जनुकाचा मजकूर तोच राहतो, पण त्याचे काम मंदावू शकते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गर्भावस्थेत ही उपासमार सोसलेल्यांच्या आयजीएफ-२ या जनुकावरील मिथिल खुणा साठ वर्षांनंतरही कमी होत्या. मात्र या खुणांमुळेच आजार झाला, असे त्यातून सिद्ध होत नाही. या खुणा पेशीगणिक वेगळ्या असतात. रक्त सहज तपासता येते, जिवंत मेंदूची ऊती नाही. त्यामुळे मृत्यूनंतर मेंदूदान करणाऱ्यांवर आणि बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांमधील मेंदूपेढ्यांवर हे संशोधन अवलंबून आहे.

उपचारांत या ज्ञानाचा उपयोग सुरू झाला आहे. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने ई४ दोन्ही बाजूंनी आलेल्या रुग्णांत मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी अपोईची तपासणी सुचवली जाते. निरोगी माणसाने केवळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेणे मात्र योग्य नाही. तरुणपणीच अल्झायमर होणाऱ्या घराण्यांनी आधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. इतरांच्या बाबतीत रक्तदाब, मधुमेह व बहिरेपणावर वेळीच उपचार आणि धूम्रपान सोडणे हे उपाय, जनुके कोणतीही असोत, करण्याजोगे आहेत.