घटावरचे धान

इंदूरच्या आमच्या जुन्या घरातील देवघर माजघराला लागून आहे. त्याला खिडकी एकच, तीही लहान आणि उंचावर. आश्विन शुद्ध प्रतिपदेला तेथे घट बसतो. परडीत काळी माती पसरून गहू आणि सातू पेरले जातात. रोज पाणी शिंपडावे, माळ चढवावी; परडीला मात्र दसऱ्यापर्यंत जागचे हलवू नये, असा आमच्याकडे दंडक आहे.

चौथ्या-पाचव्या माळेला अंकुर वर येत आणि आम्हा भावंडांची तक्रार सुरू होई. सारे धान खिडकीकडे कललेले! परडी जरा फिरवली तर ते सरळ होईल, असे आम्ही सुचवत असू. "देव बसलेत. त्यांना कोणी फिरवतं का?" एवढेच आजी म्हणे.

त्या कलण्याचे कारण पुढे वाचनातून उमगले. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांवर केलेले प्रयोग १८८० च्या ग्रंथात नोंदले आहेत. अंकुराच्या टोकावर काळी टोपी घातली की तो एका बाजूच्या उजेडाकडे वळत नसे. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तरी वळे. उजेड जाणते ते टोक आणि वळतो तो त्याखालचा भाग. पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या अंकुरांवरून दाखवून दिले, की टोकाकडून खाली एक वृद्धिद्रव्य उतरते. त्यास ऑक्सिन म्हणतात. उजेड एकीकडून आला की ते सावलीच्या बाजूस अधिक जमते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि अंकुर उजेडाकडे झुकतो. उजेड अंकुराला ओढून घेतो, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात वाढते ती अंधारातली बाजू.

धान पिवळेधमक आणि उंच आले की वर्ष चांगले जाणार, असे आजी मानी. त्या पिवळेपणाचे मूळही उजेडाच्या तुटवड्यात आहे. पुरेशा प्रकाशावाचून हरितद्रव्य तयार होत नाही, आणि अंकुर दाण्यातली शिदोरी उंची गाठण्यात खर्च करतो. नऊ दिवस ती शिदोरी पुरते.

हे सारे आम्हांस ठाऊक होते, तरी वडिलांच्या पश्चात आईच्या बाबतीत आम्ही ते विसरलो. ऐंशी ओलांडलेली आई त्या घरात एकटी. घर विकावे आणि तिला नव्या वस्तीतील आमच्या फ्लॅटमध्ये आणावे, असे आम्ही तिघांनी ठरवले, गिऱ्हाईकही पाहिले. एका पावसाळ्यात तिला चार महिन्यांसाठी म्हणून नेले. सोबत तिने अंगणातील तुळशीची कुंडी घेतली. जुन्या अंगणात शेजारच्या इमारतीची सावली पडत असल्याने ती तुळस एका अंगास वाकलेली होती. आम्ही कुंडी गॅलरीत उलट फिरवून ठेवली. काही दिवसांत कोवळे शेंडे नव्या उजेडाकडे वळले. आम्ही कौतुकाने आईला दाखवले. ती पाहून म्हणाली, "शेंडे वळले खरे. बुंधा कुठे वळलाय?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. वनस्पतीचा वाढता भागच वळू शकतो. लाकूड झालेला बुंधा लांबीने वाढत नाही, त्यामुळे पूर्वीचा बाक तसाच राहतो. फ्लॅटमध्ये आमची मुले रमली, आम्हीही रमलो. आई रोज सकाळी गॅलरीत उभी राहून जुन्या घराची दिशा कोणती, हे विचारत असे.

नवरात्रापूर्वी आम्ही तिला परत नेले. घर विकण्याचा विचार तूर्त सोडला. आता आम्ही तिघे पाळीपाळीने तेथे राहतो. ते सोयीचे नाही आणि किती वर्षे निभेल, हेही सांगवत नाही.

यंदा सहाव्या माळेला नातवाने परडीत डोकावून विचारले, "आजी, ये सब टेढ़े क्यों हैं?" आम्ही त्यास टोक, सावली आणि ऑक्सिन समजावून सांगितले. ऐकून घेऊन त्याने विचारले, "तो मैं घुमा दूँ?"

"दसऱ्यापर्यंत थांब," आई म्हणाली.