तुझा कामठा



पत्र आलं म्हणून हसू नकोस. फोनवर तू ‘हा, बरंय’ एवढ्यावर गुंडाळतोस, मागे सुरतेच्या मशिनींचा खडखडाट, मग मलाही काही सुचत नाही. आणि बोलायचं तर पस्तीस वर्षांचं साठलंय.

निमित्त माझ्या पोराचं. मोबाइलवर त्याचा कसलासा खेळ चालतो. परवा ओरडतच आला, ‘पप्पा, जादूचं धनुष्य मिळालं!’ बाण संपत नाहीत, नेम चुकत नाही, एका वीराकडून दुसऱ्याकडे चालत आलेलं. म्हटलं, हे तर आपलं गांडीवच. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीनं वरुणाकडून मागून अर्जुनाला दिलेलं, सोबत दोन अक्षय भाते. पोरानं विचारलं, ‘पण बनवलं कोणी?’

मला तुझे बाबा आठवले. दारात उकिडवे बसलेले, धनुष्याचा, म्हणजे आपल्या कामठ्याचा, बांबू चिरून कोयत्यानं तासायचे, चुलीच्या धगीवर शेकत थोडा थोडा वाकवायचे. मी मोठ्या उत्साहानं घरून सुतळी नेली होती, आठवतं? ते नुसते हसले. बांबूच्याच सालीची चिवट पट्टी सोलली, टोकांच्या खाचांत अडकवली आणि बोटानं छेडून माझ्या कानाशी धरली. तो आवाज अजून कानात आहे.

पुढचं मात्र आठवलं की मान खाली जाते. 1988 साली टीव्हीवर महाभारत सुरू झालं. रविवारी अख्खी गल्ली आमच्या घरात, आणि तू ओट्यावर, खिडकीच्या गजाला धरून. आत ये, असं मी एकदाही म्हटलं नाही. संध्याकाळी खेळ रंगायचा तेव्हा अर्जुन मी, कारण टीव्ही माझा. एकलव्य तू. कामठा तुझा, तोही माझ्या हातात! तू कुंकवाच्या पाण्यात अंगठा बुडवून द्रोणापुढे धरायचास, आणि आम्ही टाळ्या पिटायचो. का रे, एकदाही ‘नाही’ का म्हणाला नाहीस? निदान माझ्या पेकाटात एक लाथ तरी घालायचीस.

एकदा मात्र तू खेळ संपल्यावर कामठा काढून घेतलास. अंगठा बाजूला ठेवून दोन बोटांनीच पट्टी ताणलीस आणि चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा पाडलास. ‘आम्ही भिल्ल अंगठा लावतच नाही. एकलव्यानं दिला ना,’ म्हणालास आणि आकडा माझ्याच हातात ठेवलास. आंबटढाण होता. पुढे मोठेपणी ऑलिंपिकच्या तिरंदाजांना पाहिलं, तेही दोरी बोटांनीच ओढतात, अंगठा मोकळा. तेव्हा तू शेजारी हवा होतास.

शाळेत आपलं धरणगाव म्हणजे बालकवींचं गाव, एवढंच शिकवलं. ते आहेच. पण 1825 साली औट्रम साहेबानं खानदेशची भिल्ल पलटण उभी केली, तीही इथेच, हे मला चाळिशीत एका जुन्या पुस्तकातून कळलं. ज्यांच्या तीरकामठ्याला कंपनी सरकार दबकून होतं, त्यांनाच पगार आणि बंदुका दिल्या. द्रोणानं अंगठा मागितला. साहेब त्याच्यापेक्षा हुशार निघाला, असं मला वाटतं. तुझ्या घरात यातलं काही बोलायचे का रे? मी कधी विचारलंच नाही.

आणि ते अक्षय भाते? शेवटी अर्जुनाचेही रिकामे झाले. पंचनदात आभीरांनी नुसत्या लाठ्यांनी त्याला लुटलं, गांडीव काही करू शकलं नाही. आपली अहिराणी बोली त्याच आभीरांच्या नावाची म्हणतात. हे कळल्यावर पोरगं खूश झालं, खेळातल्यापेक्षा हे भारी म्हणे. पुढे गांडीव वरुणाला परत गेलं, समुद्रात.

तुझा कामठा मात्र मी परत दिलेला नाही. माळ्यावर आहे. वाळून कडक झालाय, पट्टी तुटलीय. पोराला खाली काढून दाखवला तर विचारतो कसा, ‘याची पावर काय?’ म्हटलं, काका दिवाळीला येतील, त्यांनाच विचार.

ये रे. घरात उतर, ओट्यावर नको. बांबू मी आणून ठेवतो. भरीव लागतो की पोकळ, तेवढं कळव.