घरांना नावे असलेले गाव

कार्मेल हे नाव मराठी कॅथलिक कानांना परके नाही. एलिया संदेष्ट्याने बआलच्या पुजाऱ्यांना आव्हान दिले तो डोंगर कार्मेल. जुलैच्या १६ तारखेला जिचा सण आपण साजरा करतो ती माउलीही कार्मेल डोंगराचीच. गळ्यात तपकिरी स्कॅप्युलर घालून पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या आजीबाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिल्या आहेत. पवित्र भूमीतील हे नाव अर्धे जग ओलांडून प्रशांत महासागराच्या काठी कसे पोहोचले, आणि त्या नावाच्या गावात कोणाची नावे राहिली व कोणाची झाकली गेली, हा विचार २०१९ च्या सप्टेंबरात घडलेल्या एका छोट्या भेटीपासून आमच्या मनात घर करून आहे. त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत, असे वाटते.

आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक तरुण पत्नी व मुलीसह कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहत होता. "फादर, इतक्या दूर आलात, तर कार्मेल पाहिल्याशिवाय परत जायचे नाही," असा त्याचा आग्रह पडला. एका शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या मोटारीतून निघालो. वाट दीड तासाची. प्रथम लसणाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले गिलरॉय लागले. पुढे कॅस्ट्रोव्हिलच्या आसपास आर्टिचोकची विस्तीर्ण शेते पसरली होती. कमळाच्या मोठ्या कळीसारखी दिसणारी, जाड खवल्यांची ती हिरवी भाजी आम्ही तेथेच प्रथम पाहिली. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाची दृष्टी आधी माती आणि पाण्याकडे जाते, मग डोंगराकडे आणि शेवटी समुद्राकडे.

समुद्र दिसला, तो धुक्यातून. त्या किनाऱ्याचे पाणी उन्हाळ्यातही थंड असते आणि सकाळी धुके किनाऱ्यावर येऊन बसते. ते हळूहळू विरळ झाले, तेव्हा पांढऱ्याशुभ्र वाळूचा अर्धवर्तुळाकार किनारा आणि वाऱ्याने वाकवलेले सायप्रसचे वृक्ष दिसू लागले. माँटेरे सायप्रस नावाची ही जात मूळची येथलीच. कार्मेलच्या उत्तरेस सायप्रस पॉइंट आणि दक्षिणेस पॉइंट लोबोस, एवढ्या दोनच ठिकाणी तिची नैसर्गिक वने उरली आहेत. खडकाच्या फटीत मूळ रोवून, शतकानुशतके खारा वारा सोसून, एका अंगाला कललेले ते वृक्ष पाहताना अखंड प्रार्थनेत असलेल्या तपस्व्याची आठवण होते.

गाव म्हणाल, तर जेमतेम एक चौरस मैलाचे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ३,२२० भरली. १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाल्यावर तेथील काही लेखक व चित्रकार येथे येऊन स्थिरावले. १९१६ साली गावाला नगराचा दर्जा मिळाला. नगराचे रूप शहरी होऊ नये, याची या लोकांनी पहिल्यापासून दक्षता घेतली. वस्तीच्या भागात रस्त्यावर दिवे नाहीत, पादचाऱ्यांसाठी फरसबंदी नाही. रस्त्याच्या मध्ये झाड आले, तर रस्ताच वळसा घेतो. झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेल्या वाटांवर कोणी पडू नये, म्हणून उंच टाचांच्या पादत्राणांसाठी परवाना घ्यावा, असा १९६३ चा नियमही आहे. चित्रपट अभिनेते क्लिंट ईस्टवुड १९८६ ते १९८८ या काळात याच गावचे महापौर होते.

पण आम्हांला सर्वांत मोठे नवल वाटले ते घरांचे. शंभरहून अधिक वर्षे या गावातील घरांना क्रमांकच नव्हते. पत्ता सांगायचा, तो अमुक रस्ता, तमुक चौकापासून दक्षिणेकडील तिसरे घर, असा. टपाल घरी येत नसे. लोक टपालकचेरीत जाऊन ते आणीत आणि तेवढ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची भेट होई. क्रमांकाऐवजी घरांना नावे असत. १९२४ साली ह्यू कॉमस्टॉक नावाच्या गृहस्थांनी आपल्या पत्नीच्या बाहुल्या ठेवण्यासाठी परीकथेत शोभावे असे एक चिमुकले घर बांधले. त्याचे नाव हॅन्सेल. कवी रॉबिन्सन जेफर्स यांनी समुद्रकाठच्या दगडांनी उभारलेल्या घराचे नाव टॉर हाउस. दारोदारी लाकडी पाट्यांवर कोरलेली अशी नावे वाचत आमच्या यजमानांची नऊ वर्षांची कन्या पुढे पळत होती. पाटी नसलेले घर आले की थांबून विचारी, "याचं नाव काय असेल, फादर?"

गावाला मिळालेले नाव मात्र येथे घरे होण्यापूर्वीचे. १६०२ साली सेबास्टियन व्हिस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी हा किनारा धुंडाळीत आला. त्याच्या ताफ्यात तीन कार्मेलाइट धर्मगुरू होते आणि त्यांच्या संघावरून येथील नदीला कार्मेल हे नाव पडले. तो आला कशासाठी? मनिलाहून माल भरून मेक्सिकोतील आकापुल्कोकडे जाणारी स्पॅनिश गलबते उत्तर प्रशांत महासागर ओलांडून प्रथम याच किनाऱ्याला लागत आणि मग दक्षिणेकडे वळत. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासाने खंगलेल्या खलाशांना आसरा मिळेल असे बंदर त्याला हवे होते. याच मार्गावर निघालेले सान फेलिपे हे गलबत १५९६ साली वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातून उद्‌भवलेल्या संशयाच्या वावटळीत तेथील फ्रान्सिस्कन पकडले गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. एकाच सागरी वाटेच्या एका टोकाला आपल्या संताचे रक्त सांडले, तर दुसऱ्या टोकाला हे गाव वसले, हे लक्षात आले तेव्हा तो परका समुद्र आम्हांला थोडा जवळचा वाटला.

गोन्सालोच्याच फ्रान्सिस्कन परिवारातील फादर हुनिपेरो सेरा यांनी ३ जून १७७० रोजी माँटेरे येथे सान कार्लोस बोरोमेओ मिशनची स्थापना केली आणि दुसऱ्याच वर्षी ते कार्मेल नदीच्या मुखाजवळ हलवले. येथे माती चांगली होती, पाणी होते आणि माँटेरेच्या सैनिकांपासून थोडे अंतरही होते. २८ ऑगस्ट १७८४ रोजी सेरा येथेच निवर्तले. आजचे दगडी चर्च त्यांच्यानंतरचे. १७९३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १७९७ मध्ये त्याचे समर्पण झाले. ओबडधोबड पिवळसर दगड, घुमटाचा मनोरा आणि दर्शनी भिंतीवर चांदणीच्या आकाराची, किंचित वाकडी खिडकी. वेदीपाशी जमिनीत सेरा यांची समाधी आहे. १७ सप्टेंबर १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी या समाधीपुढे प्रार्थना केली आणि पुढच्या वर्षी सेरा यांना धन्य घोषित केले. त्या वेळी आम्ही सेमिनरीत होतो. पायाला न भरणारी जखम असताना शेकडो मैल चालणारा हा वृद्ध मिशनरी आम्हां तरुणांचा आदर्श होता. त्या समाधीपुढे गुडघे टेकताना आमचे मन भरून आले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

परंतु सेरा यांच्याविषयी दुसरी बाजूही आहे आणि ती धर्मगुरूने तरी टाळू नये. १७७३ मध्ये ते मेक्सिको नगरात जाऊन व्हाइसरॉयपुढे उभे राहिले आणि सैनिकांच्या अत्याचारांपासून तेथील मूळ रहिवाशांना संरक्षण मागितले. १७७५ मध्ये सान दिएगोच्या मिशनवर हल्ला होऊन एक फ्रान्सिस्कन मारला गेला, तेव्हा हल्लेखोरांना क्षमा करावी, अशी रदबदलीही त्यांनी केली. मात्र एकदा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला मिशन सोडून जाण्याची मुभा नसे. गेल्यास सैनिक पाठवून त्याला परत आणीत आणि फटके देत. या शिक्षेचे समर्थन सेरा यांनी १७८० मधील एका पत्रात स्वतः केले आहे. शिवाय युरोपीय लोकांबरोबर आलेल्या रोगांनी, कोंदट वस्तीमुळे, मुले आणि स्त्रिया फार मोठ्या संख्येने दगावल्या. २३ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी वॉशिंग्टन येथे सेरा यांना संतपद दिले, आणि चारच दिवसांनी कार्मेलच्या मिशनमधील त्यांचा पुतळा कोणी तरी पाडला व त्यावर रंग ओतला. ती विटंबना निषेधार्हच होती. पण तिच्यामागची वेदना कोठून आली, हे समजून घेण्यासाठी चर्चच्या बाजूच्या दारातून दहा पावले चालावे लागते.

तेथे दफनभूमी आहे. रुमसेन व एस्सेलेन या मूळ जमातींचे दोन हजारांहून अधिक ख्रिस्ती तेथे मातीआड झाले आहेत. साधे लाकडी क्रूस आणि थडग्यांभोवती गोलाकार मांडलेले अॅबलोन नावाच्या समुद्री शंखाचे मोठाले शिंपले. उन्हात त्यांच्या आतील निळा-हिरवा मोरपिशी रंग चमकत होता. बहुतेक थडग्यांवर नाव नाही. सकाळपासून घराघरांची नावे वाचणारी ती मुलगी येथे गोंधळली.

"फादर, यांची नावं कुठे आहेत?"

"नावं आहेत, बाळ. चर्चच्या वहीत लिहिलेली आहेत."

"मग इथे का नाही लिहिली?"

तिच्या आईने तिला हळू बोलायला सांगितले. आम्ही मृतांसाठी प्रार्थना म्हटली आणि तिनेही हात जोडले. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पहिले उत्तर शब्दशः खरे आहे. मिशनच्या प्रत्येक बाप्तिस्म्याची, विवाहाची व दफनाची नोंद तेथील धर्मगुरू करीत. नवे स्पॅनिश नाव तर लिहीतच. पण अनेकदा त्या व्यक्तीचे मूळ नाव, आईवडील आणि तिचे गावही लिहीत. कॅलिफोर्नियातील २१ मिशनांच्या अशा नोंदी हंटिंग्टन ग्रंथालयाने एकत्र संकलित करून २००६ मध्ये अभ्यासकांना खुल्या केल्या. त्यांत एक लाखाहून अधिक बाप्तिस्मे आणि सुमारे ७१ हजार दफने आहेत. बाप्तिस्म्यांच्या मानाने दफनांचा हा आकडा पाहिला की काळजात चर्र होते. तरीही त्याच नोंदींचा धागा धरून आज त्या जमातींचे वंशज आपले पणजोबा-खापरपणजोबा शोधून काढतात. ज्या लेखणीने त्यांची नावे बदलली, त्याच लेखणीने ती जपलीही. परेरा, डिमेलो, रॉड्रिग्ज अशी आडनावे लावून मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्या समाजाला हे कोडे समजावून सांगण्याची गरज नाही.

केवळ नावेच नव्हे, सूरही टिकले होते. १८३४ नंतर मिशनची मालमत्ता सरकारने काढून घेतली, चर्च ओस पडले आणि पुढे त्याचे छत कोसळले. १८७९ साली लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन माँटेरेत राहत होता. त्याने लिहून ठेवले आहे की, वर्षातून एकदा, संत कार्लोसच्या सणाला, त्या भग्न चर्चच्या छप्पर शाबूत असलेल्या एकाच खोलीत मिस्सा होई. सुमारे ऐंशी वर्षांचा एक अंध रुमसेन गायकवृंदाचे नेतृत्व करी आणि मूळ रहिवासी लॅटिन ग्रेगरियन गीते इतक्या शुद्ध उच्चारात गात की, ऐकणाऱ्याला अर्थ कळावा. त्या अंध गायकाचे नाव स्टीव्हन्सनने दिलेले नाही. पुढे १८८४ मध्ये चर्चवर पुन्हा छप्पर चढले आणि १९३१ पासून हॅरी डाउनी या कुशल सुताराने सारे आयुष्य त्याच्या जीर्णोद्धारासाठी वेचले. त्याच दशकात कार्मेल खोऱ्यात १८४६ साली जन्मलेल्या इसाबेल मेडोज या वृद्धा उतारवयात वॉशिंग्टनला जाऊन राहिल्या आणि रुमसेन भाषेचे शब्द, कथा व माणसांच्या आठवणी एका भाषाशास्त्रज्ञाला सांगत राहिल्या. १९३९ मध्ये त्या वारल्या. ती भाषा अस्खलित बोलणारी त्या अखेरची व्यक्ती होत्या. भिंतींचा जीर्णोद्धार सुताराने केला, माणसांचा या माउलीने.

आम्ही परतल्यानंतरच्या दोन वार्तांची येथे नोंद करावीशी वाटते. जुलै २०२० मध्ये एस्सेलेन जमातीला कार्मेलच्या दक्षिणेकडील डोंगरात सुमारे १,२०० एकर भूमी परत मिळाली. आणि २०२४ मध्ये कार्मेलच्या नगरपरिषदेने घरांना क्रमांक देण्याच्या बाजूने कौल दिला. रुग्णवाहिकेला घर सापडत नाही, ही त्यामागची एक अडचण होती. नावाची हौस असावी, पण संकटात हाक पोहोचेल एवढी ओळख प्रत्येक दाराला हवी, हे त्या गावाने शतकानंतर मान्य केले.

धर्मगुरूच्या आयुष्यात प्रवचने पुष्कळ होतात आणि विसरलीही जातात. नोंदवही मात्र राहते. रविवारी दुपारी बाप्तिस्मा आटोपला, की बाळाचे नाव, आईवडिलांचे नाव, गाव, आळी, हे सारे आम्ही ठळक अक्षरांत लिहितो आणि शाई वाळेपर्यंत वही मिटत नाही. दोनशे वर्षांनी कोणी तरी लांबून येईल, पान उलटेल आणि विचारील, यांचे नाव कोठे आहे? त्याला ते वाचता आले पाहिजे.