माळावरचं मूळगाव : भाग तिसरा

मंगळवार, हेज (कॅन्सस)

डेन्व्हर सोडल्यावर तासाभरातच डोंगर मागे पडले. पुढचे चार तास खिडकीबाहेर गहू आणि आभाळ, दोनच गोष्टी. जूनचा शेवटचा आठवडा, कापणी ऐन भरात. जावई गाडी चालवताहेत. मागे मी आणि विहीणबाई, आमच्या मधे त्यांचा बुटांचा खोका. खोक्यात जुने फोटो, एक जर्मन प्रार्थनापुस्तक आणि जनगणनेच्या पानांच्या छायाप्रती. त्यांना पणजोबांची कबर शोधायची आहे. पणजोबांचं नाव योहानेस. आडनाव इथे लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे.

लग्न ठरलं तेव्हा ‘मुलगा जर्मन वंशाचा’ एवढंच मी सांगलीला कळवलं होतं. आज गाडीत कळलं की या घराण्यातला जर्मनीत जन्मलेला शेवटचा माणूस अठराव्या शतकातला! रशियाची सम्राज्ञी कॅथरीन ही मूळची जर्मन राजकन्या. 1763 मध्ये तिने जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं: जमीन घ्या, आपला धर्म पाळा, सैन्यात यावं लागणार नाही. हजारो जर्मन व्होल्गाकाठी जाऊन राहिले. शंभर वर्षांवर काळ लोटला, पण भाषा तीच, सोयरीक आपसातच. मग 1874 मध्ये सैन्यभरती सक्तीची झाली आणि त्यांनी पुन्हा गाशा गुंडाळला. इकडे कॅन्ससमधून गेलेल्या रेल्वे कंपनीकडे विकायला अमाप जमीन होती. 1876 मध्ये या माळावर त्यांची गावं उभी राहिली. नावं व्होल्गाकाठचीच: कॅथरीन, हर्झोग, फायफर.

बुधवार, हेज

दिवसभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात. व्होल्गा जर्मनांच्या कागदपत्रांचा इथे वेगळा संग्रह आहे. अमेरिकेची 1890 ची जनगणना जवळजवळ सगळी गेली; 1921 मध्ये वॉशिंग्टनला आग लागली, त्यात. त्यामुळे 1880 नंतर माणूस सापडतो तो एकदम 1900 मध्ये. कॅन्सस राज्य मधल्या काळात स्वतःची मोजणी करत असे, म्हणून विहीणबाईंचं नशीब. 1885 आणि 1895 च्या पानांवर पणजोबा हजर आहेत, एकदा चार मुलांसह, एकदा नऊ.

जन्मदेशाच्या रकान्यात सगळीकडे रशिया. 1910 पासून मातृभाषाही लिहू लागले, तिथे जर्मन. शेजारीपाजारी यांना ‘रूशियन’ म्हणून हिणवत. पहिल्या महायुद्धात मात्र हेच लोक अचानक जर्मन ठरले. 1919 मध्ये कॅन्ससने प्राथमिक शाळा इंग्रजीतूनच चालवायचा कायदा केला. विहीणबाईंना आजीची भाषा कितपत येते, असं विचारलं. म्हणाल्या, “प्रार्थना आणि शिव्या.”

जेवायला बिरॉक. पावाच्या पिठात कोबी, कांदा आणि खिमा भरून भाजतात. शेतावर न्यायची शिदोरी. मला ठेचा हवासा वाटला, पण बोलले नाही.

गुरुवार, व्हिक्टोरिया

वाटेत कुंपणांचे खांब दगडाचे. माळावर झाडच नव्हतं, तर लाकूड कुठून आणणार? इथला चुनखडक जमिनीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. ओळीने भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या की लांब चिरा सुटतो.

व्हिक्टोरिया हे गाव 1873 मध्ये एका स्कॉटिश गृहस्थाने इंग्रज बड्या घरांतल्या लोकांसाठी वसवलं. ते थोड्याच वर्षांत कंटाळून गेले. शेजारच्या हर्झोगचे जर्मन टिकले, पण नाव राहिलं राणीचंच.

सेंट फिडेलिसचं चर्च मैलोनमैल लांबून दिसतं. 1908 ते 1911 या काळात बांधलेलं, मनोरे 141 फूट. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने 45 डॉलर द्यायचे आणि सहा गाड्या दगड वाहून आणायचे, असा ठराव होता. विहीणबाईंच्या आजीचं माहेर याच गावचं. घरात बारावरची सात माणसं. विहीणबाईंनी पावतीच्या मागे हिशेब मांडला: 315 डॉलर, 42 गाड्या. मग त्या भिंतीजवळ गेल्या आणि बराच वेळ दगडांवरून हात फिरवत राहिल्या. जावई बाहेर गाडीत फोनवर.

शुक्रवार, मन्जर

गावाचं नाव ऐकून मी हसले होते. मूळ व्होल्गाकाठचं ओबरमोंजू, वसाहती वसवणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या नावावरून पडलेलं. रशियातल्या जर्मन गावाला फ्रेंच वळणाचं आडनाव, आणि कॅन्ससच्या वाऱ्यात झिजून त्याचं मन्जर!

बाप्तिस्म्याची वही लॅटिनमध्ये. त्या आडनावाचे योहानेस पाच. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत मी एकदा आजोबांची सही शोधली होती. तिथेही एका नावाचे तिघं होते, पण उपाध्यांनी विचारलं, “वाडा कुठला?” आणि बरोबर पान काढलं. इथेही तसंच निघालं. नावं इतकी सारखी की प्रत्येक घराला एक टोपणनाव असायचंच, पण ते वहीत लिहीत नसत.

दफनभूमीत गवत कापणाऱ्या म्हाताऱ्याने यंत्र बंद केलं. “कुठला योहानेस? लांब्या की विहिरीवरचा?” विहीणबाईंना टोपणनाव ठाऊक नव्हतं. त्यांनी खोक्यातून पणजोबांच्या लग्नाचा फोटो काढला. नवरा नवरीच्या खांद्याला लागतोय. म्हातारा खळखळून हसला. “विहिरीवरचा,” म्हणाला आणि उत्तरेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून पुन्हा कामाला लागला.

त्या कोपऱ्यात लोहाराने घडवलेले लोखंडी क्रूस आहेत, वेलबुट्टीचे, प्रत्येकावर नावाची पाटी. दोन क्रूसांच्या पाट्या गळून पडलेल्या. विहीणबाई गुडघ्यांवर बसल्या आणि आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या बुडाशी वाढलेलं गवत उपटू लागल्या. मीही पदर खोचला.