ॲमेझॉनचा महामत्स्य

मत्स्यावताराच्या कथेंत ओंजळींतला इवलासा मासा पाहतां पाहतां समुद्रांतहि मावेनासा होतो. त्या कथेचें स्मरण करून देणारा मासा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदींत आहे. त्याचें नांव पिरारुकू. तेथील तुपी भाषेंत 'पिरा' म्हणजे मासा आणि 'उरुकू' म्हणजे आपण जिला शेंद्री म्हणतों ती. शेपटीकडील खवल्यांच्या लाल छटेवरून हें नांव पडलें. पूर्ण वाढलेला पिरारुकू ३ मीटर लांब व २०० किलो वजनाचा असूं शकतो. लहान मासे तो जबडा उघडून एकदम आंत ओढतो व हाडासारख्या कठीण जिभेनें चिरडतो.

त्याचा प्रदेश पाहावयाचा तर ब्राझिलमधील तेफे शहराजवळ मामिराउआ येथें जावें. जापुरा व सोलिमोंइस या नद्यांच्या संगमाशीं हें पाणथळ अरण्य सुमारें ११,२०० चौरस किलोमीटर पसरलें आहे. पुरांत पाणी १० मीटरांहून अधिक चढतें आणि मासे वृक्षांच्या फांद्यांतून हिंडतात. माणसांचीं घरें ओंडक्यांवर तरंगतीं किंवा उंच खांबांवर उभीं असतात. पूर ओसरला म्हणजे मासे तळ्यांत कोंडले जातात. त्या पाण्यांत प्राणवायु थोडा. म्हणून पिरारुकू दर ५ ते १५ मिनिटांनीं वर येऊन हवा घेतो.

हा श्वासच त्याचा वैरी ठरला. कोळी होडींत भाला घेऊन वाट पाहत आणि तो वर येतांच भाला फेंकीत. मासा दुर्मिळ झाला, तेव्हां १९९६ सालीं आमाझोनास प्रांतांत त्याच्या शिकारीस बंदी झाली; पण चोरटी शिकार थांबेना.

१९९९ पासून मामिराउआंत निराळा मार्ग धरण्यांत आला. कोळ्यांनींच तळें आपसांत वांटून घ्यावें आणि प्रत्येकानें आपल्या भागांत २० मिनिटांत वर आलेले मासे मोजावे. दीड मीटरांहून मोठ्या माशांपैकीं फार तर शेंकडा ३० धरावयाचे, बाकीचे सोडावयाचे. या मोजणीची संशोधकांनीं परीक्षा घेतली व ती खरी उतरली. कांहीं वर्षांतच माशांची संख्या कित्येक पटींनीं वाढली.

असें राखणें जोखमीचें आहे. जून २०२२ मध्यें जावारी खोऱ्यांत मूळ रहिवाशांचे कैवारी ब्रूनो परेरा व पत्रकार डॉम फिलिप्स यांचा खून झाला. त्याचें मूळ बेकायदा मासेमारींत असल्याचें पोलिसांच्या तपासांत आढळलें.

नुसत्या बंदीनें पिरारुकू वांचला नाहीं. ज्यांचें पोट त्याच्यावर चालतें त्यांच्याच हातीं राखण सोंपविली, तेव्हां तो वांचला. जो श्वास पूर्वीं भाल्याला लक्ष्य दाखवी, तोच आतां त्याची गणती करून देतो.