मूठ

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला माझ्या पिशवीतून एक चपटी डबी खाली पडली, तिचे झाकण उघडले आणि चार-पाचशे छर्रे बाकांखालून घरंगळत थेट सरांच्या पायांपर्यंत गेले. सरांनी एक उचलला, चष्म्याजवळ धरला आणि विचारले, ''हे काय? कोणाची पारध आहे?'' वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी 'झाशीची राणी' झाले. कँटीनमध्ये चहाचे पैसे द्यायची वेळ आली की मैत्रिणी म्हणतात, ''हिच्याकडे पिस्तूल आहे बाई, हिला कोण पैसे मागणार?''

थट्टा सोडा, पण पुष्कळांनी मनापासून विचारले, की मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला पिस्तूल कशाला? आणि घेतले तर दुकानातून नवे घ्यायचे सोडून जुने काळे धूड घेऊन त्याची मूठ घरी कानशीत का बसली? या अंकाच्या निमित्ताने उत्तर देऊन टाकते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातली. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत, २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे, ही सारी आमच्याच मातीतली माणसे. त्यामुळे आमच्याकडे मुलगी नेमबाजीला जाते म्हटले तर कुणी डोळे विस्फारत नाही. माझा प्रकार दहा मीटर एअर पिस्तुलाचा. यात दारू नाही, धूर नाही. दाबलेल्या हवेने साडेचार मिलिमीटरचा डमरूसारखा छर्रा उडतो. उभे राहायचे, एकाच हाताने पिस्तूल धरायचे, दुसऱ्या हाताचा टेकू चालत नाही. साठ छर्रे, प्रत्येकी दहा गुण, एकूण सहाशे. दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या उजव्या हातात आहे. मी चार वर्षांची असताना आमच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या यंत्रात या हाताची अनामिका अर्धी गेली. चाक आबा फिरवत होते. त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही. यंत्र मात्र दुसऱ्याच दिवशी गोठ्यातून गेले ते आजतागायत परत आले नाही.

लिहायला, भाकरी थापायला, सायकल चालवायला अर्ध्या बोटाने कधी अडले नाही. अडले ते पिस्तुलाशी. पिस्तूल धरताना तर्जनी मोकळी ठेवायची असते, ती फक्त चापासाठी. मुठीवरचा मुख्य जोर मधले बोट आणि अनामिका यांचा. क्लबच्या पिस्तुलांच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात, पण साऱ्या पाच पुऱ्या बोटांसाठी. माझ्या अनामिकेच्या जागी पोकळी राही. मधले बोट एकटे राबे, करंगळी घाबरून आवळे, आणि चाप ओढताना नळीचे तोंड जरासे हले. 'जरासे' म्हणजे किती? पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साईटमध्ये सुमारे तेहतीस सेंटिमीटर अंतर असते. तिथे एक मिलिमीटर चुकले, की दहा मीटरवर तीस मिलिमीटर चुकते. दहाचे वर्तुळ तर साडेअकराचे!

आमच्या प्रशिक्षक सरांनी आधी डावा हात वापरून पाहायला सांगितले. हंगेरीच्या कारोय ताकाच यांची गोष्टही सांगितली. १९३८ साली हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ ला लंडनला व १९५२ ला हेलसिंकीला पिस्तुलाचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. मी दोन महिने डाव्या हाताने मारले. पण गोष्ट ऐकून कुणी ताकाच होत नाही. माझा डावा हात माझे ऐकेना.

शेवटी सर म्हणाले, ''तुझ्या हाताची मूठ दुकानात मिळणार नाही, ती करूनच घ्यावी लागेल. पण मूठ कशावर बसवायची ते आधी ठरव. पाया चुकला तर वरचं कोरीवकाम फुकट.''

त्यांनी गुणपत्रिकेच्या पाठीवर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'बदलता येते', दुसऱ्यावर 'बदलता येत नाही'. पहिल्या रकान्यात मूठ, साईटची रुंदी, चापाची जागा आणि त्याचे वजन, पुढे अडकवायची छोटी वजने. दुसऱ्यात नळीचा कस, सांगाडा, नळी हातापासून किती उंच बसते ते, हवा भरण्याची तऱ्हा. ''पहिला रकाना विसरून जा,'' सर म्हणाले. ''पिस्तूल निवडायचं ते दुसरा वाचून.''

आबांनी उसाच्या बिलातून साठ हजार काढून दिले. त्या पैशांतून यंदा माळवदावरचे पत्रे बदलायचे होते. आई काही बोलली नाही. पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात कुठले पातेले ठेवायचे हे तिला पाठच आहे. नवे परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात, तेव्हा जुनेच पाहणे आले.

पहिले पाहिले ते पुण्याला. निळ्याशार धातूचे, विजेच्या चापाचे, हातात घेतले तर जणू वजनच नाही. किंमत नेमकी साठ हजार. मी मनातल्या मनात ते घेऊनही टाकले. सरांनी मात्र पिस्तूल बाजूला ठेवले आणि नळीखालचा हवेचा नळकांडा काढून त्यावर ठोकलेली तारीख वाचली. मग दुसऱ्या नळकांड्याची वाचली. दोन्हींना दहा वर्षे उलटून गेली होती. त्यात दोनशे बारच्या दाबाने हवा भरतात. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे नव्वदपट म्हणा. म्हणून बनवणारे त्याला दहा वर्षांची मुदत घालून देतात, आणि मुदत सांभाळण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. नवे नळकांडे परदेशातून आणायचे म्हणजे आणखी पैसे. ते कुठून आणायचे?

''एवढं सुंदर आहे सर!'' मी म्हटले.

''सुंदर पहिल्या रकान्यात येतं,'' सर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्याशी बोलले नाही. कराड गेले तरी बोलले नाही.

दुसरे पिस्तूल सांगलीला एका निवृत्त गृहस्थांच्या कपाटात होते. रशियातल्या इझेव्हस्कला बनलेले, 'आयझेडएच ४६ एम' नावाचे. नाव कारखान्याचे, रूपही कारखान्याचेच. काळे, ओबडधोबड, तोंडाकडे जड, लाकडी मूठ तडकलेली. याला नळकांडे नाही. खालचा लांब दांडा उघडून पुन्हा मिटला की एका छर्ऱ्यापुरती हवा आत दाबली जाते. म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यामागे दांडा ओढायचा, साठ वेळा, आणि सरावाचे वेगळे. पण मुदत संपायची भीती नाही आणि हवा भरायला कुणाच्या दारात जायला नको.

सरांनी वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरवरून पाच छर्रे मारले. कागदावर पाचांचे मिळून एकच भोक पडले, वाटाण्याएवढे. मग दांडा मिटून पाच मिनिटे थांबून आणखी एक मारला. तोही तिथेच गेला, म्हणजे हवा कुठे गळत नव्हती. चापाला अर्ध्या किलोचे वजन अडकवून पिस्तूल उभे उचलले. चाप सुटला नाही. स्पर्धेत चाप किमान पाचशे ग्रॅमचा असावाच लागतो. मूठ एका स्क्रूने सुटत होती आणि आतला सांगाडा सरळ, साधा होता. त्यावर हवी तशी मूठ चढवता आली असती.

''उद्या वरच्या स्पर्धांना गेलीस तर हे अपुरं पडेल,'' सरांनी स्पष्ट सांगितले. ''पण आज तुझा हात यावर घडेल.''

बत्तीस हजारांना व्यवहार झाला. उरलेल्या अठ्ठावीस हजारांत आबांनी पश्चिमेकडचे पत्रे बदलले. पूर्वेकडचे अजून गळतात.

मुठीसाठी माडीवरच्या मोडक्या पलंगाचा शिसवी पाय निघाला. गावातल्या सुतारकाकांनी त्यात सांगाड्याची खाच पाडली आणि मुद्दाम जाड, ढोबळ आकार काढून दिला. काढलेले लाकूड परत लावता येत नाही ना! मी नियम वाचून दाखवले : मुठीने हाताला वेढा घालायचा नाही, मनगटाला टेकू द्यायचा नाही, तळहाताखालची फळी वर वळवायची नाही. काका म्हणाले, ''एवढे नेम तर देवाच्या पालखीलाबी नसत्यात.''

पुढचे काम आबांनी अंगावर घेतले. रोज रात्री जेवणे झाली की ते कानस घेऊन ओसरीवर बसत. मी तळहाताला कपड्याची नीळ फासायची, मूठ धरायची आणि सोडायची. जिथे निळा डाग पडे तिथे लाकूड जास्त. आबा तेवढेच घासत. जिथे डाग पडत नसे तिथे पोकळी. ती एम-सीलने भरायची, वाळली की पुन्हा घासायची. असे तीन आठवडे चालले. अर्ध्या बोटासाठी एक छोटी पायरी करायची होती, तिचे माप काही केल्या जमेना. तेव्हा आबांनी कानस खाली ठेवली आणि माझा हात आपल्या हातात घेतला. त्या बोटाचे टोक त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिले.

''हितं दुखतंय का अजून?''

''न्हाई आबा.''

''तवा लई रडली हुतीस,'' ते म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

मला काय बोलावे ते सुचले नाही. त्यांनाही ऐकायचे नसावे. त्यांनी मूठ उचलली, दिव्याकडे वळवली आणि पायरीची कड घासायला सुरुवात केली. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, तो थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

क्लबच्या पिस्तुलाने माझे सर्वांत चांगले गुण होते ५१२. या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ५४१ झाले. संघातली जागा दोन गुणांनी हुकली. पदक वगैरे काही नाही, तेव्हा अभिनंदनाच्या फलकावर माझे नाव शोधू नका. पण साठावा छर्रा मारून पिस्तूल खाली ठेवले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की साठ छर्ऱ्यांत एकदाही मला त्या बोटाची आठवण झाली नव्हती.

पुण्याच्या त्या निळ्या पिस्तुलाची मात्र अजून होते, खोटे कशाला सांगू?

मूठ अजून पुरती झालेली नाही. करंगळीच्या बुडाशी एक जागा बोचते. चाळीस छर्ऱ्यांनंतर तिथे लाल होते. आबांना सांगितले आहे. येत्या रविवारी ते पुन्हा कानस काढणार आहेत. नीळ मी आणून ठेवली आहे.