रात्री दोनचा दिवा

खडकीत माझा दवाखाना आहे. येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; त्यामुळे माझ्या ज्येष्ठ रुग्णांत तेथून निवृत्त झालेले अनेक जण आहेत. त्यांपैकी शहात्तर वर्षांचे एक आजोबा गेल्या पावसाळ्यात आले. वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब वाढला होता. औषधे चुकली नव्हती, मिठाचे पथ्यही मोडले नव्हते. झोपेविषयी विचारताच ते म्हणाले, "डॉक्टरबाई, रात्री दोन वाजता नातीच्या खोलीत दिवा दिसतो. मग मला कुठली झोप?"

नात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. तिला बोलावून मी फर्मावले, "अकराला संगणक बंद!" तिने मान डोलावली; दिवा मात्र जळतच राहिला. माझी चूक मला उशिरा कळली. तिला भीती कशाची वाटते, हे मी विचारलेच नव्हते.

विचारल्यावर ती म्हणाली, "शेवटच्या वर्षाच्या आरंभीच कंपन्या महाविद्यालयात येतात. आधी परीक्षा, मग मुलाखती. आणि आजोबा रोज विचारतात, नोकरी लागेल ना?"

आपल्या पिढीला पदवी हातात पडल्यावर नोकरी शोधण्याची सवय. या मुलांची तयारी पदवीपूर्वीच सुरू होते. नुसती पुस्तके वाचून भागत नाही. रोज एकदोन कोडी प्रोग्रॅम लिहून सोडवावी लागतात, एखादा प्रकल्प स्वतः उभा करावा लागतो आणि तो शब्दांत समजावून सांगता यावा लागतो. इंजेक्शन देणे मी तरी कोठे पुस्तकातून शिकले? हात बसला तो रोजच्या सरावाने; एका रात्रीच्या जागरणाने नव्हे.

प्रोग्रॅमरांची एक गमतीदार रीत आहे. चूक सापडेना की टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि आपला प्रोग्रॅम ओळीओळीने त्याला समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपोआप उमगते. मी आजोबांना म्हटले, "नोकरीची चौकशी थांबवा आणि तिचे बदक व्हा!"

ते मनापासून हसले. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास नात सांगू लागली, ते ऐकू लागले. तिचा प्रकल्प होता औषधांच्या वेळांची आठवण करून देणारा. चौथ्या दिवशी आजोबांनी विचारले, "सकाळची गोळी विसरलो, तर संध्याकाळी तुझे यंत्र दोन घ्यायला सांगेल काय?" नात गप्प झाली. यंत्र खरोखरच तसे सांगत होते! चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून स्वतःच्या मनाने दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. ती सूचना तिने प्रोग्रॅममध्ये घातली.

आपल्या घरीही असा विद्यार्थी असेल, तर एवढे करा. त्याला किमान सात तास झोप मिळू द्या. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहण्याची आठवण द्या. पडदा डोळ्यांच्या पातळीस, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. महागडी शिकवणी परवडत नसेल, तर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल'वर विनामूल्य ऐकता येतात. झोप, भूक आणि बोलणे तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावले, तर डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर मनोबलासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आणि "नोकरी लागेल ना?" याऐवजी "आज काय केलेस, मला सांग," असे म्हणा. समजले नाही तरी चालेल. बदकाला तरी कोठे समजते!

नातीच्या मुलाखती अजून व्हायच्या आहेत. निकालाची हमी मी देणार नाही. दिवा मात्र आता साडेअकराला मालवतो. आजोबांचा रक्तदाब पुन्हा आटोक्यात आहे, गोळी चालूच आहे. तिची वेळ झाली की नातीचे यंत्र त्यांना न चुकता हाक मारते.